मागच्या मॉडेलची डाय

मोबाइलचं नवं मॉडेल बाजारात आलं की आमच्या घरात सुतक पडायचं. लोक दुकानाबाहेर रांगा लावत, डबा हातात धरून फोटो काढत, काही तर पेढेही वाटत असतील. आम्ही मात्र त्या दिवशी एकमेकांकडे बघायचं टाळायचो. आमचं पोट मोबाइलवर नव्हतं, मोबाइलच्या कव्हरवर होतं. मोबाइलचा आकार बदलला की जुनं कव्हर मरतं आणि कव्हर मेलं की त्याची डाय मरते. डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरलं की दुसऱ्या मिनिटाला कव्हर बाहेर पडतं, ऊन आणि मऊ.

वसईजवळ वालीवला आमचा भाड्याचा गाळा होता. पत्र्याचं छप्पर, एक मोल्डिंग मशीन, एक जुनं ड्रिल आणि मागच्या भिंतीला लोखंडी रॅक. डाय बनवायची आणि मशीन चालवायचं हे नवऱ्याचं काम. निघालेल्या कव्हरांच्या कडा ब्लेडने साफ करायच्या आणि पिशव्यांत भरायचं हे माझं. गाळा टिकला तर आम्ही कुणाचे नोकर नव्हतो. गेला तर ह्यांना पन्नाशीनंतर पुन्हा दुसऱ्याच्या दारात नोकरी मागत उभं राहावं लागणार होतं. एवढीच गोष्ट होती, पण आमच्यासाठी ती सगळ्यात मोठी होती. आणि तिचा निकाल कुठल्या तरी लांबच्या देशातला, आमचं नावही न ऐकलेला माणूस लावत होता. कॅमेरा कोपऱ्यात ठेवायचा की मधोमध, एवढं तो ठरवायचा आणि इथे आमच्या तोंडचं पाणी पळायचं.

ह्यांचा हात मुळात वेगळ्या कामावर बसलेला. लग्न झालं तेव्हा हे मुंबईला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. डब्यांची झाकणं, बादल्यांचे कान, स्विचच्या पेट्या, असल्या वस्तूंच्या डाय करायचे. एका झाकणाची डाय इतकी वर्षं चालली की मालकाचे केस पिकले, त्याचा मुलगा गादीवर बसला आणि झाकण तसंच निघत राहिलं. चांगली डाय म्हणजे बनवणाऱ्याच्या मागेही चालणारी, असं हे मानायचे. मी कधी हसले तर माझ्याच कुकरकडे बोट दाखवायचे. माझ्या आईच्या कुकरची रिंग आजही माझ्या कुकरला बसते, ही गोष्ट खरी होती. त्यामुळे मला गप्प बसावं लागायचं, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

तो कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. आम्ही आचोळ्याला वन रूम किचन घेतलं होतं, मुलगी शाळेत होती. एका व्यापाऱ्याने ह्यांच्या डोक्यात भरवलं की आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, म्हणजे प्रत्येकाला कव्हर लागणार. त्यात खोटं काही नव्हतं. सुरुवातीची वर्षं बरी गेली. कंपन्या फोनच्या आतलं बदलायच्या, बाहेरचं अंग फारसं हलवायच्या नाहीत. एक डाय दोन-दोन सीझन चालायची. आम्ही स्कूटर घेतली, मुलीला कॉलेजात घातलं. रविवारी वसईच्या बाजारातून पापलेट आणायचो आणि भाव विचारताना माझा आवाज थरथरायचा नाही.

मग कुठून ती हवा सुटली कोण जाणे. प्रत्येक कंपनीची वर्षाला चार-चार मॉडेलं, आणि प्रत्येकात काहीतरी हललेलं. कधी कॅमेरा, कधी बाजूचं बटण, कधी चार्जिंगचं भोक, कधी नुसतीच कडेची गोलाई. फोन हातात धरणाऱ्याला कळतही नसेल. डायला कळतं. पोलादात कोरलेलं भोक सरकवता येत नाही.

ह्यावर आमच्या घरात जेवताना जितकी भांडणं झाली तितकी पैशांवरून झाली नाहीत. त्यात भर म्हणजे मुलगी कॉलेज संपवून वसई स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात लागली. बापाचं जे मरण, त्यावर लेकीचा बोनस ठरायचा. देवाने कधी कधी अशी थट्टा करू नये.

"दोन मिलिमीटर," हे म्हणायचे. "कॅमेरा दोन मिलिमीटर खाली घेतला. त्याने फोटो चांगला येतो का?"

"बाबा, नवीन घेतलाय हे दिसायला नको का?" ती म्हणायची. "सेम दिसला तर कोण घेणार? परवा एक काका स्पष्ट म्हणाले मला, सोसायटीत कळलं पाहिजे."

"मग सोसायटीत तोंडाने सांगावं."

"असं नसतं हो बाबा."

ह्यांचा हिशेब ठरलेला होता. तीन वर्षं. आतलं काय ते दरवर्षी बदला, माझं काही म्हणणं नाही. बाहेरच्या अंगाला तीन वर्षं हात लावू नका. हे इतक्या समजावणीच्या सुरात सांगायचे, जसा काही कंपनीचा मोठा साहेब आमच्याच चटईवर भात कालवत बसलाय. त्यावर मुलगी म्हणायची, तीन वर्षांत आमचं दुकान बंद पडेल. हे म्हणायचे, आणि एका वर्षात माझा गाळा. मला विचाराल तर माणूस जन्मभर एका तोंडावर निभावतो, फोनला दरवर्षी नवं तोंड कशाला पाहिजे? पण मला कुणी विचारत नव्हतं.

शेजारच्या गाळेवाल्यांनी ह्यावर आपला मार्ग काढला होता. मॉडेल मेलं की डाय त्याच आठवड्यात भंगारात. पोलाद वजनावर जातं, हातात काहीतरी येतं, जागा मोकळी होते. ह्यांनी ते कधी केलं नाही. कारण खंडेनवमी. त्या दिवशी वालीवमध्ये बहुतेक गाळ्यांत मशीनला झेंडूची माळ चढते, हत्यारांना हळदकुंकू लागतं. आमच्याकडे रॅकवरची एकूण एक डाय खाली उतरायची. जिवंत असो की मेलेली, हे ती रॉकेलने पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि कुंकवाचं बोट लावायचे. ज्याला कुंकू लागलं ते भंगारात द्यायचं नाही, हे टूलरूममधल्या त्यांच्या उस्तादाने त्यांना सांगितलं होतं. उस्ताद केव्हाच गेला. नियम आमच्या गळ्यात राहिला.

"अहो, गणपतीसुद्धा दीड दिवसाने उठतात," मी म्हणायचे. "तुमचे हे देव उठणार कधी?"

"तिने काय पाप केलंय?" हे डायकडे बघून म्हणायचे. "काम चोख करत होती बिचारी."

मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. दरवर्षी पूजा लांबत गेली. एक रॅक भरला, दुसरा आणला. गाळ्यात माझी बसायची जागा दाराकडे सरकत सरकत शेवटी उंबऱ्याशी आली, तिथे पावसाचे शिंतोडे यायचे.

आता डमीबद्दल सांगायला हवं, कारण आमचा घात तिथे झाला. नवा फोन ज्या दिवशी दुकानात येतो त्याच दिवशी त्याचं कव्हरही टांगलेलं असावं लागतं. आठवडा उशीर झाला की तोवर बाजार भरलेला असतो. म्हणून फोन यायच्या आधीच डाय कापावी लागते. कशावरून? तर पावसाळ्यात बाजारात डमी येतात. येणाऱ्या फोनच्या मापाचा नुसता ठोकळा. ना काच, ना आत काही. कुठून येतात ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. आमच्याकडे पोर जन्माला यायच्या आधी झबलं शिवत नाहीत. ह्या धंद्यात आधी झबलंच शिवायचं, पोराचं अंग केवढं ते नंतर बघायचं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचा नेहमीचा व्यापारी आला तो रुमालात गुंडाळलेली डमी घेऊन. सोनं आणल्यासारखी त्याने ती ह्यांच्या हातावर ठेवली.

"भाऊ, हा एकदम पक्का पीस आहे. डायरेक्ट तिकडून आलाय. माल जितका काढाल तितका मी उचलतो."

"दुसरी पण एक डमी फिरतेय म्हणतात," हे म्हणाले. "तिच्यात कॅमेऱ्याची चौकट मोठी आहे."

"ती डुप्लिकेट आहे हो."

डमीत डुप्लिकेट काय आणि ओरिजनल काय, हे मी विचारलं. व्यापारी माझ्याकडे बघून हसला. हे हसले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षात आमच्या दोन डाय सीझनच्या मधेच मेल्या होत्या आणि गाळेमालकाने जागा रिकामी करण्याची भाषा सुरू केली होती. हा सीझन लागला तरच गाळा राहणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं, म्हणून ते बोलायची गरज पडली नाही. हे व्हर्निअर घेऊन बसले. आडवं मोजलं, उभं मोजलं, बटणाची उंची मोजली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जास्त वेळा मोजलं की ती जास्त खरी होईल, असं काहीसं वाटत असावं. माप बरोबरच होतं. वस्तूच खोटी होती.

त्या वर्षी आम्ही गणपतीला कोकणात गेलो नाही. सासूबाई गेल्यानंतरसुद्धा आम्ही कधी चुकवलं नव्हतं. हे डायवर पॉलिश मारत बसले होते. त्यांना वाटत होतं की यंदा चुकलं तर गणपती समजून घेईल, व्यापारी समजून घेणार नाही. मशीन दिवसभर धडधडायचं, मी कडा कापायचे. पोती भरली, गाळ्यात मावेनात तेव्हा घरी आणली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलगी पोत्यांवरून उडी मारून कामाला जायची आणि म्हणायची, आई, ह्या वेळी आपलं नशीब उघडणार.

फोन आला त्या दिवशी तिचा दुकानातून कॉल आला. मी गाळ्यातच होते.

"आई, बाबांकडे देऊ नकोस."

"काय झालं ते बोल."

"चौकट मोठी आहे. आपलं कव्हर वरून बसतच नाहीये. मी दोन-तीन पीस लावून बघितले."

ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. "कितीचा फरक आहे?"

"बाबा, खूप आहे."

"खूप म्हणजे किती ते मोज आणि सांग."

तिने पट्टीने मोजून सांगितलं असावं. ह्यांनी मान हलवली, जणू ती समोर उभी होती. मशीन चालूच होतं आणि त्यातून कव्हरं पडतच होती. मीच जाऊन बटण दाबलं.

व्यापाऱ्याने त्या दिवसापासून फोन उचलला नाही. मी हट्टाने ब्लेड घेऊन बसले आणि कव्हरांची भोकं मोठी करायला लागले. ती उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. ह्यांनी त्यातलं एक उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "राहू दे." मी त्यांना दोन शब्द सुनावले, व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि पुन्हा ब्लेड उचललं नाही.

त्यानंतर ह्यांनी जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. ती डाय त्यांनी सुधारायला घेतली. वेल्डिंग करून चौकट भरून काढली, पुन्हा कापली, पुन्हा पॉलिश केली. खंडेनवमीला ती अर्धवटच होती, तशीच कुंकू लावलं. दिवाळी उलटून गेली तेव्हा पुरी झाली. मुलीच्या दुकानातल्या एका मुलाकडे तो फोन होता, त्याच्यावर कव्हर चढवून बघितलं. चारी कोपऱ्यांवर असं बसलं की वाटावं फोनला कातडी आलीय. इतक्या वर्षांत ह्यांच्या हातून इतकी सुबक डाय झाली नव्हती, असं मला वाटलं आणि मी तसं म्हटलंही. पण तोवर प्रत्येक नाक्यावर त्या फोनची कव्हरं ढिगाने पडली होती. आम्ही थोडा माल काढला, तो कुणी घेतला नाही. ती डाय जेमतेम चालली आणि रॅकवर जाऊन बसली.

उन्हाळ्यात गाळा सोडला. मालकाला तो पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी एकाला द्यायचा होता. आम्हाला वाद घालायला तोंड नव्हतं. मशीन एकाने नेलं. राहिल्या डाय.

भंगारवाला येणार त्या दिवशी हे सकाळपासून एकेक डाय खाली घेत होते. रॉकेलचा फडका घेऊन त्यांनी प्रत्येकीवरचं कुंकू पुसलं. वर्षानुवर्षांचं कुंकू, तेलात मुरलेलं, ते सहज निघत नव्हतं. मी फडके भिजवून देत होते. बाईच्या कपाळावरचं पुसताना काय वाटतं ते मी माझ्या आईच्या वेळी बघितलंय. इथे लोखंड होतं, तरी मला तिथे उभं राहवेना. हे रडले नाहीत. मी रडले, आणि रडताना भंगारवाल्याच्या माणसांवर ओरडले, कारण ते डाय जमिनीवर आपटत होते.

शेवटची, नवी डाय हातात घेऊन त्यातला एक माणूस थांबला. अजून चकचकत होती ती.

"ये तो नया है. इसको भी?"

"हां, इसको भी."

"अहो, एवढी एक घरी नेऊ," मी म्हटलं.

"नेऊन काय करायचं? दाराला अडकण लावायची?"

टेम्पो चिंचोटीच्या बाजूला वळून गेला. संध्याकाळपर्यंत सगळं कुठल्या तरी भट्टीत गेलं असेल.

हे आता वालीवमध्येच दुसऱ्याच्या कारखान्यात जातात. बादल्यांची झाकणं करतात तिथे. सुपरवायझर त्यांच्याहून अर्ध्या वयाचा आहे, वाईट नाही, काका म्हणतो. आमच्या जुन्या गाळ्याची गल्ली वाटेत लागते, पण हे स्कूटर पुढच्या रस्त्याने वळसा घालून नेतात. घरातली पोती अजून गेलेली नाहीत. चुकीच्या मापाची ती कव्हरं फुकट घ्यायलाही कुणी तयार नाही. आम्ही त्यावर चादर टाकून दिवाण केलाय.

त्याच फोनचं यंदाचं मॉडेल गणपतीनंतर आलं. आमचा आता त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी मुलगी दुकानातून आली, हातपाय धुऊन पानावर बसली आणि ह्यांनी सवयीने विचारलं, "यंदा काय हललं?"

ती ताटाकडेच बघत राहिली. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही बाबा. सेम आहे. लोक चिडलेत, म्हणतात मागचाच आहे मग घ्यायचा कशाला. दिवसभर नुसते हातात घेऊन परत ठेवत होते."

"कॅमेरा?"

"तोच."

"बटण?"

"तेच." मग तिला राहवलं नाही. "माझ्या ड्रॉवरमध्ये आपलं एक कव्हर होतं, दिवाळीनंतरचं. मी ते चढवून बघितलं. बसतंय."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मी घाबरले. हे हसले. किती महिन्यांनी हसले ते मला आठवेना.

"मी काय सांगत होतो," हे म्हणाले. "चांगलं आहे तर ठेवावं माणसाने. आलं ना शेवटी त्यांच्या ध्यानात." मग माझ्याकडे वळले. "अगं, ती डाय खालच्या फळीवर आहे, उजवीकडे. ग्रीस लावूनच ठेवलीय मी. उद्या सकाळी लवकर निघू. प्लास्टिकचा दाणा थोडा असेलच. दुपारपर्यंत पहिला माल निघतो बघ. अजून कुणाकडे नसणार, सगळ्यांनी मोडून टाकल्या असतील."

मुलीने खाली मान घातली. माझ्या हातात भाताचा वाडगा होता. मला त्यांना थांबवायचं होतं, तरी मी भातच वाढत राहिले. हे बोलतच होते. पिशव्या किती लागतील, व्यापारी कुठला बघायचा. बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला. मग थांबले. कुणी काही सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच आठवलं. हात ताटात तसाच राहिला.

इतकी वर्षं मी देवाजवळ मागत आले होते की त्या लोकांनी एक वर्ष तरी काही हलवू नये. त्या क्षणी मला वाटलं, यंदा त्यांनी सगळंच बदललं असतं तर किती बरं झालं असतं.

"उद्या माझी सकाळची पाळी आहे ना?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.